बुंदीचं पोट

निजामपुरा, बडोदे
२ ऑगस्ट १९९५

सौ. प्रतिमास,
स. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. आईंना वाचून दाखवलं, मग त्यांनी स्वतः चष्मा लावून पुन्हा वाचलं. सगळे मजेत, नाशकाला पाऊस बरा, बस्स. माहेरी एवढंच लिहायचं होतं तर कार्डाचा अर्धा भाग कोरा कशाला ठेवलास? फोनवर विचारलं असतं, पण फोन बैठकीत आणि सगळ्यांचे कान तिथेच. म्हणून आज बंद पाकीट.

इकडे मोठी काळजी आहे ती बुंदीची. हसू नकोस. तू मागच्या दिवाळीला पाहिलीस तेव्हा ती मूठभर होती. मनालीनं सोसायटीच्या जिन्याखालून उचलून आणली, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके बघून नाव ठेवलं, आणि स्वतः इंजिनिअरिंगला पुण्याला निघून गेली. मुलगी गेली आणि मांजर माझ्याकडे राहिली. आता तिचं पोट बिघडलंय. आषाढी एकादशी झाली आणि चार-दोन दिवसांत जे सुरू झालं ते थांबतच नाही. एरवी शहाणी, मातीच्या पाटीतच जाते. पण पोट असं धावतं की पाटीपर्यंत पोचायला तिला सवड मिळत नाही. परवा समोरच्या चारुलताबेननी ओटल्यावर खिचिया पापड वाळत घातले होते. पुढचं लिहीत नाही. ते सगळे टाकून द्यावे लागले.

गुरांच्या डॉक्टरांकडे टोपलीत घालून नेली. माझ्या आधी दोन म्हशी आणि एक बकरी होती. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, बेन, एने दूध बंध करो. मांजरांना दूध सोसत नाही, आपण उगीच पाजतो म्हणे. त्या दिवसापासून घरात तिला दुधाचा थेंब नाही. मऊ भात, त्यात चमचाभर दही, उकडलेला बटाटा. तरी फरक नाही.

आईंचं नेमकं उलट. त्यांना चार-चार दिवस साफ होत नाही. आपल्या डॉक्टरांनी एक गोड पातळ औषध दिलंय, पण तू आईंना ओळखतेस. एकदा सवय लागली की पोट आपलं काम विसरतं, असं म्हणून त्यांनी बाटली परत माझ्या हातात दिली. मग मी न सांगता ते त्यांच्या संध्याकाळच्या दुधात घालायला लागले. दिवा लावून झाला की त्या पेला घेऊन मागच्या ओटल्यावर बसतात आणि तो स्वतः विसळून आणून ठेवतात. त्यांना कळलेलं नाही, आणि तूही कळवू नकोस. एकीचं अडलंय आणि एकीचं सुटलंय. दोघींच्या मध्ये मी चमचा घेऊन उभी.

तुझा दादा वैतागलाय. त्यांच्या सावली गावातल्या फॅक्टरीत लक्ष्मण म्हणून स्टोअरकीपर आहेत, त्यांच्या गोडाऊनमध्ये उंदीर झालेत. हे म्हणतात, तिथे नेऊन सोडू, तिलाही काम मिळेल.  दुपारी घरात सगळं आवरून मी बसते तेव्हा ती येऊन माझ्या पायावर डोकं ठेवते. एवढंच. पण मनाली गेल्यापासून तेवढंच आहे.

मुकुंदरावांना नमस्कार, आशयला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पोस्टकार्डापेक्षा मोठा कर.

तुझी,
सुहासिनीवहिनी

*

नाशिक
१३ ऑगस्ट १९९५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचायला घेतलं ही चूक झाली. आशयनं विचारलं काय झालं, म्हटलं बडोद्याला पापड खराब झाले.

आधी बुंदीचं. माझा संशय चारुलताबेनवर आहे. त्यांच्या घरी गाठिया कायम असतात आणि हात सढळ. तू इकडे पथ्याचा भात चारतेस आणि ती समोरच्या दारात तळलेलं खाऊन येत असणार. जरा नजर ठेव. विचारायचं तर गोडीनं विचार. तुझं गोडीनं विचारणं मला माहीत आहे, तुझ्या लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला विचारलं होतंस की भाजीत मीठ घालायचं राहिलं की बडोद्याकडे असंच करतात. ती भाजी मी कॉलेजातून येऊन घाईत केली होती.

आता पोस्टकार्डाचं. अर्धं कोरं ठेवलं कारण लिहिण्यासारखं लिहिता येत नव्हतं. यांची कंपनी ज्येष्ठात बंद झाली. आधी सांगितलं की शिफ्ट कमी करतोय, मग एक दिवस गेटला नोटीस. बाहेरून नवा माल यायला लागला त्याच्यापुढे यांचे पार्ट कुणाला नकोत. हे रोज सकाळी तेवढ्याच वाजता उठतात, दाढी करतात, आणि मग पेपर घेऊन बसतात. मी शाळेत जाते ते बरंय. अर्ज चाललेत. त्रेचाळीसाव्या वर्षी मुलाखतीला बोलावणारे आधी केसांकडे बघतात.

हे आईला सांगू नकोस. दादालाही आत्ता नको, तो आईसमोर बोलून जाईल. तिचं वय, तिचं ते पोट, आणि काळजी करून ती करणार काय? दिवाळीपर्यंत काहीतरी होईल, मग मीच सांगेन.

बुंदीला गोडाऊनमध्ये पाठवू देऊ नकोस. मागच्या दिवाळीला ती माझ्या उशीवर झोपायची, तिचा माझ्यावर तेवढा हक्क आहे.

तुझी माया नेहमीसारखी मागते आहे,
प्रतिमा

*

निजामपुरा, बडोदे
२४ सप्टेंबर १९९५

सौ. प्रतिमास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मला सुचेना, म्हणून उत्तराला उशीर झाला. मधल्या दोन कार्डांत आईंसमोर काय लिहिणार. मुकुंदरावांना सांग, वहिनीला सगळं कळलंय आणि तिला त्यांचा आदर तेवढाच आहे. हे उगीच लिहिते आहे असं वाटेल, पण लिहायला हवं असं वाटलं. आईंना मी बोललेली नाही. तुझ्या दादालाही नाही.

तुझा सल्ला ऐकून मी चारुलताबेनना विचारायला गेले. गोडीनंच विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी गाठिया माणसांना पुरत नाहीत, बिलाडीला कुठून घालणार, आणि पापड त्यांचे गेले तर जाब मलाच का विचारता? तेव्हापासून त्या जाता-येता जय श्रीकृष्ण म्हणतात, पण पाय थांबवत नाहीत. अकरा वर्षांची वाट्यांची देवाणघेवाण बंद पडली. ही वाटी तुझ्या खात्यावर.

गौरी-गणपतीला आई डभोईला त्यांच्या बहिणीकडे आठवडाभर गेल्या होत्या. त्याच सुमाराला मी गुरांच्या डॉक्टरांकडून नवी पूड आणली होती, आणि बुंदी काय सुंदर बरी झाली. घट्ट, वेळेवर, पाटीत. मी डॉक्टरांना पेढे द्यायला निघाले होते. आई परत आल्या आणि दोन दिवसांत पुन्हा तेच. पूड चालूच होती. आता डॉक्टर म्हणतात, हिचं आतडंच नाजूक आहे, असंच चालायचं.

आईंचंही तसंच. आपल्या डॉक्टरांनी औषध दीडपट करायला सांगितलं, ते केलं, तरी साफ नाही. उलट डभोईला औषधाशिवाय बरं होतं म्हणतात, मावशींकडे पपई होती.

गेल्या गुरुवारी गणपती दूध प्यायला लागला ते तुमच्याकडेही झालंच असेल. इथे सकाळपासून कॉलनीच्या देवळापुढे रांग, डेअरीवर पिशवी मिळेना. मला जायला जमलं नाही. आई संध्याकाळी गेल्या, घरात दुसरं दूध नव्हतं म्हणून त्यांनी आपला रोजचा पेलाच नेला. परत आल्या त्या प्रसन्न. चमचा टेकवला आणि दूध गेलं, म्हणाल्या, सगळा पेला गेला. त्यात मी औषध घातलं होतं हे मला त्या आल्यावर आठवलं. देवापुढे हात जोडले, दुसरं काय करणार. दुसऱ्या दिवशी बुंदी जरा बरी होती. मला वाटलं, प्रसाद पावला. शनिवारी पुन्हा सुरू.

आणि आता कठीण झालंय. काल सकाळी यांनी ऑफिसला न्यायचे कागद खुर्चीवर काढून ठेवले होते. हे ओरडले नाहीत, तेच मला जड गेलं. शांतपणे म्हणाले, कोजागिरी होऊ दे, दुसऱ्या दिवशी मी तिला सावलीला घेऊन जातो. लक्ष्मणना सांगूनही झालंय. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. घरात वास असतो, मी दिवसभर फडकं घेऊन फिरते, आणि आजारी मांजर गोडाऊनमध्ये किती दिवस काढेल हे त्यांनाही कळतं. मनाली दिवाळीला येणार. ती दारात चपला काढतानाच हाक मारेल तेव्हा मी काय सांगू?

रडगाणं झालं. तुझ्या काळजीपुढे ही मांजराची काळजी लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

ममता आहे तशी ठेव,
सुहासिनीवहिनी

*

नाशिक
३० सप्टेंबर १९९५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं आणि मी ते तीनदा वाचलं. घाईत लिहिते आहे, कोजागिरीच्या आत तुझ्या हाती पडायला हवं.

मला एक सांग. आईला दूध पिताना तू पाहिलं आहेस का? पेला हातात पाहिला असशील, विसळलेला पाहिला असशील. पिताना?

आई डभोईला गेली, बुंदी बरी. आई आली, बुंदी आजारी. आईनं पेला देवळात नेला, बुंदी बरी. तुझं औषध दीडपट, आईला शून्य फरक, आणि मांजर खुर्चीवर. वहिनी, ते औषध लागू पडतंय, फक्त चुकीच्या पोटाला.

दूध आईचं आवडतं, ती का टाकेल असं तू म्हणशील. म्हणूनच. आम्ही लहान असताना आई दर चातुर्मासात काहीतरी सोडायची, आणि सोडायची ते जिवाभावाचंच. न आवडणारं सोडण्याला नेम म्हणत नाहीत असं तिचं म्हणणं. दादा मॅट्रिकला होता त्या वर्षी चहा. मला टायफॉईड झाला त्या वर्षी वांगं. आणि सांगायची नाही कुणाला, बोलून दाखवलं की त्यातला अर्धा जातो म्हणे. ती चहा पीत नाही हे बाबांना कार्तिकातच कळलं, चार महिने ती कपातला चहा तुळशीला घालत होती. ती तुळस गेली बिचारी. आषाढी ते कार्तिकी, तुझ्या बुंदीचं दुखणं कधीपासूनचं ते तूच पहिल्या पत्रात लिहिलंयस. दूध नको म्हणाली असती तर तू आणि डॉक्टर मागे लागला असता, म्हणून पेला घेत राहिली. अन्न, तेही दूध, तिच्यानं ओतून टाकवणार नाही. समोर एक जीव बसलेला.

इथपर्यंत मला काल हसू येत होतं. गणपतीला तू जुलाबाचं पाजलंस म्हणून यांनाही सांगितलं, हे किती महिन्यांनी मोठ्यानं हसले. मग भांडी घासताना मला सुचलं की नेम ती कशासाठी करते. दादाचं ठीक आहे, मनालीचं ठीक आहे. आषाढीच्या दोन दिवस आधी यांचा वाढदिवस होता. तिनं दुपारी फोन केला होता, मी घरी असेन म्हणून. मी शाळेत होते. फोन यांनी उचलला. कामाच्या दिवशी, भर दुपारी. रजा घेतलीय असं हे म्हणाले. तिनं शुभेच्छा दिल्या, पावसाचं विचारलं आणि ठेवला.

तिला तेव्हाच कळलं, वहिनी. आणि तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, कारण मी सांगितलं नव्हतं.

पुढे काय करायचं ते तू बघ, तू तिथे आहेस. फक्त नेम मोडायला लावू नकोस. मोडला आणि मग यांचं काही झालं नाही तर ती स्वतःला दोष देईल. दादाला सांगितलंस तर तो डॉक्टरांचं नाव घेऊन तिच्यापुढे पेला धरेल. आणि बुंदीला जाऊ देऊ नकोस. तिचं काही चुकलेलं नाही.

तुझ्यावर भार टाकते आहे, तरी जीव लाव,
प्रतिमा

*

निजामपुरा, बडोदे
११ ऑक्टोबर १९९५

सौ. प्रतिमास,
स. न. वि. वि.

पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. तुझं खरं आहे. तुळशीच्या कुंडीखाली मातीची ताटली आहे, आई त्यात पेला ओततात, बुंदी पिते, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत असतात. मग ताटलीत पाणी घालून ते तुळशीला. चार पावलांवर मी रोज पोळ्या लाटत होते. पेला विसळलेला येतो याचं मला कौतुक होतं.

मग मी काही ठरवू शकले नाही. विचारलं असतं तर त्यांचा नेम बोलून दाखवल्यासारखा झाला असता. न विचारावं तर मांजर जाते. औषध घालणं मात्र त्या दिवसापासून थांबवलं, आणि दुधात निम्मं पाणी.

कोजागिरीला गच्चीवर सोसायटीतले सगळे होते. आईंनी थोरला मुलगा म्हणून तुझ्या दादाला ओवाळलं, केशराचं दूध हातात दिलं. स्वतःची वाटी ओठांपर्यंत नेली, आणि शाल आणते म्हणून वाटी घेऊन खाली उतरल्या. मी मागोमाग गेले. त्या ओटल्यावर बसल्या होत्या आणि बुंदी आलीच होती.

मी त्यांच्या बाजूला बसले आणि फक्त माझं सांगितलं. म्हटलं, आई, तुम्ही औषध घेत नव्हता म्हणून मी आषाढापासून तुमच्या संध्याकाळच्या दुधात ते घालत होते, न सांगता घातलं, चुकलं माझं. बाकी एक अक्षर बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बुंदीकडे. वाटी त्यांच्या हातातच राहिली.  मग विचारलं, कसलं औषध. मी सांगितलं. त्यांनी बुंदीला मांडीवर घेतलं, तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, हिला केवढं सोसावं लागलं. वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. ते दूध मी प्यायले. गार झालं होतं.

सकाळी चहाच्या आधी त्यांनी स्वतः बाटली मागितली आणि दोन चमचे कोमट पाण्यातून घेतले. सवय लागेल वगैरे काही नाही. हे स्कूटरला टोपली बांधायला दोरी शोधत होते. आई त्यांना म्हणाल्या, देवेंद्र, मांजर कुठे जायची नाही, तिचं पोट आता बरं होईल, माझ्यावर सोड. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणीक मळत होते. आदल्या दिवशीच ओवाळून घेतलेल्या मुलाला काय बोलता येणार? दोरी खुंटीला परत टांगली. सावलीला लक्ष्मणना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण संध्याकाळी उंदरांसाठी पिंजरा आणायला निघाले होते.

संध्याकाळचा पेला चालू आहे. त्या मागतात, मी देते. त्या घेऊन ओटल्यावर जातात. दुधात आता पाणी जास्त आणि दूध नावाला. त्यांना ते दिसतं. मला दिसतं की त्यांना दिसतं. बुंदी कालपासून पाटीत जाते.

मी इतकी वर्षं या बाईंबरोबर एका घरात राहते आणि त्यांचं पोट, त्यांची झोप, त्यांचे चष्म्याचे नंबर सगळं मला ठाऊक असल्याचं समजत होते.

आपुलकी वाढती असू दे,
सुहासिनीवहिनी

*

नाशिक
२९ ऑक्टोबर १९९५

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला येता आलं नाही, दादाला सांग ओवाळणी उधार नाही, येऊन वसूल करीन. मनालीनं फोनवर बुंदीचं गुरगुरणं ऐकवलं. मला ते इंजिनच वाटलं.

यांना एक तारखेपासून काम मिळतंय. अंबडला एक लहान वर्कशॉप आहे, मालक यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा. पगार पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त. पहिल्या दिवशी हे नको म्हणाले, दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन मशीन बघून आले आणि रात्री जेवताना त्या मशीनबद्दलच बोलत होते. 

आईला मी अजून सांगितलेलं नाही. आता काय सांगू, ती सगळं माझ्याआधी ऐकते. तुला वाटेल तसं तू सांग, किंवा राहू दे.

पंधरा पत्रांची माया एका पत्रात धाडते आहे, पोच दे,
प्रतिमा

*

निजामपुरा, बडोदे
६ नोव्हेंबर १९९५

सौ. प्रतिमास,
स. न. वि. वि.

मुकुंदरावांचं वाचून बरं वाटलं. आईंना मी एवढंच म्हटलं की प्रतिमाचं पत्र आलंय, सगळं ठीक आहे. त्यांनी ते वाचायला मागितलं नाही.

बुंदी उत्तम. दिवाळीचा फराळ मी चारुलताबेनकडे घेऊन गेले आणि माफी मागितली. त्यांनी ताट रिकामं पाठवलं नाही, गाठिया भरून दिले आणि निरोप दिला, हे माणसांसाठी आहेत, बिलाडीला देऊ नका. वाट्या सुरू झाल्या.

कार्तिकीचा उपास झाला. द्वादशीला सकाळी आईंनी आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं आणि आत येऊन बैठकीत बसल्या, ओटल्यावर नाही. दूध मागितलं. हे पेपर वाचत होते. मी निरसं नाही, आटवून, वेलची घालून दिलं. त्या सावकाश प्यायल्या, डोळे मिटून. बुंदी सवयीनं समोर येऊन बसली होती. तळाशी घोटभर राहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलंय. त्या म्हणाल्या, एक घोट चालेल, चार महिने माझा नेम तिनं सांभाळलाय. यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, कसला नेम. आईंनी पेला बुंदीपुढे धरला.

पत्र बंद करणार तोच आईंनी पेन मागितलं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत, मी वाचलेल्या नाहीत. तुझ्या हाती जशाच्या तशा पोचोत.

लोभात आहेसच,
सुहासिनीवहिनी

चि. प्रतिमा, अनेक आशीर्वाद. शुक्रवारी, कामाच्या दिवशी, भर दुपारी मुद्दाम तुझ्याकडे फोन लावला होता. पुष्कळ वाजला. कुणी उचलला नाही. दूध गोड लागलं. — आई